ध्रुवाची सल

पुढं सरकून बसा माउली, मागं आयाबाया उभ्या आहेत.

ध्रुवाचं आख्यान आपण पोराटोरांना सांगतो. पाच वर्षांचं लेकरू वनात गेलं, देव भेटला, अढळपद मिळालं, झालं! पण भागवताच्या चौथ्या स्कंधात ते तिथं संपत नाही. आज मला तो पुढचा भाग सांगायचाय.

आधी सिंहासनापाशी चला. उत्तानपाद राजा बसलाय, मांडीवर सुरुचीचा उत्तम. सुनीतीचा ध्रुव आला, वर चढू लागला. सुरुची काय बोलली ते तुम्हाला पाठ आहे. आम्ही कीर्तनकार मंडळी तिलाच झोडपतो आणि राजाला सोडून देतो. अहो, राजा काय करत होता? गप्प होता. त्यानं मारलं नाही, हाकललं नाही. नुसता बघत बसला. लेकरू रडत आईकडे निघालं तरी त्याच्या तोंडून शब्द नाही.

असं घराघरांत चालतं मायबाप. पोराला दोन वेळचं मिळतं, शाळेत घातलेलं असतं, अंगावर कापड असतं. पण ते काही दाखवायला आलं की वर बघायला कुणाला सवड नाही. त्याच्या अंगावर वळ उठत नाहीत. ते मागणंच सोडून देतं, आणि शेजारी म्हणतात, किती गुणी पोर! तेच पोर पन्नाशीला आलं तरी पंगतीत वाढपी समोर आला की भूक असून 'नको' म्हणतं. बायकोनं मायेनं विचारलं तरी 'काही नाही' म्हणतं. दिंडीत अशी माणसं मला ओळखू येतात. दुसऱ्याचे पाय चेपतात, स्वतःच्या पायाचा फोड दाखवत नाहीत.

आता ध्रुव. नारद भेटले, यमुनाकाठचं मधुवन, सहा महिन्यांचं तप. देव समोर उभा राहिला, त्यानं आपला शंख लेकराच्या गालाला लावला. याहून मोठं काय मिळायचं? आणि तरी ध्रुव परतला तो मन प्रसन्न नसताना. विदुरालाही कोडं पडलं. मैत्रेय ऋषी सांगतात, सावत्र आईचे शब्द काळजात रुतलेले होते, तेच आठवत होते, म्हणून मुक्ती मागायची राहून गेली.

ऐकलंत? देव भेटला, तरी सल गेली नाही! मग कुणी रडत आलं तर 'झालं गेलं विसर, नाम घे' म्हणून उडवून लावू नका. नाम घ्यावंच. पण ध्रुवाला एका दर्शनात जे साधलं नाही, ते त्या बापड्यानं एका वारीत साधावं? मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणाला तर जाऊ द्या. पाय मोडला तर आपण नुसती तुळस लावून बसतो का?

घरी आल्यावर बापानं मिठीत घेतलं, आसवांनी न्हाऊ घातलं. सुरुचीनंही पोटाशी धरलं, गळा दाटून 'जग बाळा' म्हणाली. चांगलं झालं. पण पुढं ध्रुव राजा झाला, उत्तमाला हिमालयात एका यक्षानं मारलं, आणि ह्याचा राग असा उसळला की अलकापुरीवर चालून गेला. मारणारा एक, ह्यानं यक्षांचा संहार मांडला. तो सगळा राग भावासाठीच होता का? मला वाटतं, त्यात जुनाही काही मिसळलेला होता.

तेव्हा आजोबा रणात आले, स्वायंभुव मनू. 'वत्सा, पुरे कर' म्हणाले. आणि समजावता समजावता त्यांनी ती गोष्ट काढली, की तू पाच वर्षांचा होतास, सावत्र आईच्या बोलण्यानं तुझं मर्म फाटलं होतं. बाप तेव्हा गप्प राहिला होता; आजोबांनी पाहिलं होतं, लक्षात ठेवलं होतं, आणि तोंडानं बोलून दाखवलं. ध्रुवानं शस्त्र खाली ठेवलं.

यक्षांचा धनी कुबेर, तोच प्रसन्न झाला. माग म्हणाला. देवापुढं ध्रुवाच्या मनात उंच जागा होती. कुबेराजवळ त्यानं काय मागितलं? हरीचं स्मरण अखंड राहो, एवढंच.

शेवटी विमान आलं न्यायला. पाय ठेवता ठेवता ध्रुवाला आई आठवली, सुनीती. त्या घरात त्याला जवळ घेणारी तीच एक होती. तिला मागं टाकून कसा जाऊ? विष्णुदूतांनी बोट करून दाखवलं. पुढं दुसरं विमान चाललं होतं, त्यात आई बसलेली होती.

विठ्ठल विठ्ठल विठ्ठल!