धुराड्यातून जाणारी संपत्ती



अर्थशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक इंजिनांविषयी बोलायला उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझा प्रश्न यंत्राचा कमी आणि हिशेबाचा अधिक आहे. जी उष्णता कोणाच्याच जमाखर्चात दिसत नाही, तिच्या नासाडीची जबाबदारी कोणाची, एवढाच तो प्रश्न आहे.

कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ आपण पाहिले असेल. चुलवाणात चिपाड सारले जाते, वर काहिलीत रस उकळतो, आणि उरलेली आच धुराड्यातून आकाशात जाते. शेजारीच उसाचा घाणा विकतच्या विजेवर किंवा डिझेलवर फिरत असतो. एका हाताने ऊर्जा फेकायची आणि दुसऱ्या हाताने तीच विकत घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

डिझेल इंजिनाला चिपाड चालत नाही, कारण त्यात ज्वलन सिलिंडरच्या आत होते. बाह्यज्वलन इंजिनात अग्नी बाहेर असतो. आतल्या वायूला किंवा वाफेला फक्त त्याची उष्णता पोहोचते. म्हणून त्याला कोणताही जाळ चालतो, धुराड्यातली आचही चालू शकते. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८१६ साली असे उष्ण हवेचे इंजिन रचले. त्याच्या भावाने डंडी येथील ओतशाळेत १८४३ च्या सुमारास मोठे इंजिन बसवले. पण तापणाऱ्या बाजूचे ओतीव लोखंड टिकेना, आणि काही वर्षांतच ते काढावे लागले. कल्पना सरस होती, धातू कमी पडला. पुढे धातू सुधारला आणि १९९० च्या दशकात हे इंजिन स्वीडनच्या गॉटलंड वर्गाच्या पाणबुड्यांत बसले. पाणबुडीसाठी पैसा मिळाला. गुऱ्हाळासाठी तो कोणी खर्चावा?

त्याच उसावर चालणाऱ्या साखर कारखान्याचे चित्र पाहा. बॉयलर आणि वाफेचे टर्बाइन हीसुद्धा बाह्यज्वलनाचीच रीत. उच्च दाबाचे बॉयलर बसवून अनेक कारखाने स्वतःची गरज भागवतात व वीज विकतात. सहवीजनिर्मितीला उत्तेजन देण्याचे कर्तव्य २००३ च्या वीज कायद्याने राज्य आयोगांवर टाकले आहे. हे योग्यच झाले. परंतु वाफेचे टर्बाइन लहान आकारात परवडत नाही, म्हणून गुऱ्हाळवाला या धोरणाच्या बाहेरच राहतो.

येथे भाबडेपणाही नको. उष्णतेचे किती काम करता येईल, याची मर्यादा कार्नोने १८२४ मध्येच दाखवली. हवा ३० अंशांची धरली, तर ५०० अंशांच्या उष्णतेतून फार तर ६१ टक्के काम मिळेल. १०० अंशांच्या उष्णतेतून फार तर १९ टक्के. प्रत्यक्ष यंत्र याच्या निम्मे देऊ शकले तरी पुष्कळ. शिवाय धुरातील काजळी उष्णता घेणाऱ्या नळ्यांवर बसते, वायू कोंडून ठेवणारी सीलबंदी झिजते, आणि किंमत वाढते. वाया जाणारी उष्णता फुकट असते. ती पकडणारे यंत्र फुकट नसते.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम चुलवाण सुधारून जळण वाचवावे. धुराची आच रस तापवण्यास व चिपाड सुकवण्यास वापरावी, कारण उष्णतेचा उष्णता म्हणून केलेला उपयोग सर्वांत स्वस्त पडतो. त्यानंतरही पुरेशी तप्त आच उरली, तरच वीज करावी.

हे संशोधन बाजारावर सोडले, तर ते जेथे भांडवल आहे तेथेच जाईल. गुऱ्हाळवाला वर्षातले काही महिनेच चुलवाण पेटवतो. एवढ्या अल्प वापरावर त्याला कर्ज कोण देणार? तेव्हा सार्वजनिक पैशाने, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत, गावच्या फिटरला दुरुस्त करता येईल असे लहान इंजिन घडवून दोन-चार हंगाम प्रत्यक्ष गुऱ्हाळावर चालवून पाहावे. त्याचा खर्च आणि त्याचे अपयश, दोन्ही उघडपणे मांडावे. इंजिन परवडले नाही, तर तसे सांगावे. सुधारलेले चुलवाण तरी मागे राहील, आणि जाळासमोर बसणाऱ्या मजुराच्या डोळ्यांत जाणारा धूर तेवढा कमी होईल.