वॉर्डाच्या दारात गुरांचे डॉक्टर

खंडाळ्याच्या व्याख्यानमालेत विषय छापला होता ‘रुग्णसेवेतील प्राणी’ आणि वक्ते होते एक निवृत्त पशुवैद्य. रेबीज, लसीकरण, भटकी कुत्री हे सगळं ‘तुम्हाला ठाऊकच आहे’ म्हणत त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. त्यांचा आग्रह वेगळाच होता. शिकवलेल्या कुत्र्याला इस्पितळात प्रवेश मिळावा आणि त्या परवानगीवर गुरांच्या डॉक्टरचीही सही असावी.

अंधाला वाट दाखवणारा मदतनीस कुत्रा एकाच माणसाचा असतो. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्व कायद्यामुळे तो मालकाबरोबर थेट रुग्णाच्या खोलीपर्यंत जातो. शस्त्रक्रियागृह आणि भाजलेल्यांचा विभाग मात्र त्याला बंद. अनेक रुग्णांना भेटून त्यांचं मन रमवणाऱ्या कुत्र्याला असा हक्क नाही, त्याला इस्पितळाची परवानगी लागते. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ मिनल कविश्वर यांच्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनने या दुसऱ्या वाटेने काम उभं केलं आहे.

बोलता बोलता वक्त्यांनी टेबलावरचं स्टीलचं ताट खाली टाकलं. पुढच्या दोन रांगा दचकल्या, मागे एक लेकरू रडू लागलं. “कुत्र्याची परीक्षा अशीच घेतात. त्यानं दचकावं, पण भुंकू नये, पळू नये. मग चाकाची खुर्ची अंगाजवळून न्यायची, अनोळखी माणसानं कान चाचपायचे.”

“आमच्या दवाखान्याच्या पायरीवर झोपलेली असतात, ती कुठल्या परीक्षेला बसली होती?” मागून कुणीतरी विचारलं. सभागृह हसलं, वक्ते हसले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये इस्पितळांच्या आवारातून भटकी कुत्री हलवायला सांगितलं, ते योग्यच, असं ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. कुंपण घालाच, पण त्याला फाटक ठेवा.

इथून गाडी घोड्यांवर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचत नेतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढून द्रव वेगळा करतात. तांबड्या पेशी घोड्याला परत देता येतात. हाफकिन संस्थेचं सर्पदंशावरचं औषध असंच बनतं. पूनावालांच्या फार्मवरचे वय झालेले घोडे हाफकिनला जात, त्यातूनच सायरस पूनावालांना सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना सुचली आणि १९६६ मध्ये ती उभी राहिली. रात्री शेताला पाणी द्यायला जाणाऱ्यांचं सभागृह होतं ते. मघाशी हसणारेही आता पुढे सरकून ऐकत होते. “साप चावल्यावर तुमच्या शिरेत जनावरच उतरतं,” वक्ते म्हणाले, “आणि त्या घोड्याची प्रकृती रोज पशुवैद्य बघतो. मग वॉर्डातल्या कुत्र्याची कुणी बघायची?”

मुद्दा रास्त आहे. संसर्गाची भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय काटेकोरपणाचा आहे. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये शिफारशी केल्या, त्यांत कुत्रा वर्षाच्या वरचा असावा, भेटीच्या आदल्या चोवीस तासांत त्याला आंघोळ घातलेली असावी, नव्वद दिवसांत कच्चं मांस खाल्लेलं नसावं, हात लावण्याआधी आणि नंतर रुग्णाने हात स्वच्छ करावेत, असं सांगितलं आहे. “एवढी चौकशी भेटायला येणाऱ्या सोयऱ्यांची होत नाही!” पहिल्या रांगेतून एक परिचारिका म्हणाल्या. टाळ्या त्यांनाच सर्वांत जास्त पडल्या.

शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तपासणारे हात याच तालुक्यात आहेत, हे वक्त्यांनी तीनदा सांगितलं. तेवढ्यात वेळ संपल्याची चिठ्ठी आली. सुरुवात कुठून करायची, या प्रश्नाला त्यांनी उभ्या उभ्याच उत्तर दिलं: आधी व्यायामोपचाराच्या खोलीतून, आठवड्यातून एकदा, कुत्र्याला शिकवणारा माणूस सोबत ठेवून, ज्याला भीती वाटते किंवा अ‍ॅलर्जी आहे, त्याची वेळ वेगळी. आभार मानायला कार्यवाह माइकपाशी आले, तरी दाखल्यावर काय काय लिहायचं ते वक्ते सांगतच होते: रेबीजच्या लशीची तारीख, जंताचं औषध, गोचीड नसल्याची खात्री, कातडीची तपासणी.