नारू आणि पायऱ्यांची विहीर



मठाच्या वर्धापनोत्सवात एका किड्याविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या पाण्याला आपण तीर्थ म्हणून हात जोडतो, त्याच पाण्यावाटे हा किडा शतकानुशतके माणसाच्या देहात शिरत आला. नारू हे त्याचे नाव. आजच्या तरुणांनी तो पाहिलेला नाही, हे त्यांचे भाग्य.

साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांस जेमतेम दिसणारा जलपिसू असतो. नारूची पिले तो गिळतो आणि ते पाणी माणूस पितो. पिसू जठरात मरतो, पिले मात्र जगतात. सुमारे वर्षभर रोग्यास काहीच कळत नाही. मग बहुधा पायावर फोड येतो, निखारा ठेवावा तशी आग होते आणि फोडातून सुतासारखी पांढरी मादी डोके काढते. तिची लांबी दोन हातांपर्यंत असू शकते. ती काडीला गुंडाळीत रोज थोडी थोडी बाहेर काढावयाची. घाईने तुटली तर पाय सुजतो, पिकतो. शेतकरी ऐन हंगामात कित्येक आठवडे खाटेस खिळतो. यावर लस नाही, औषध नाही. आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असेही नाही.

आता खरी गोष्ट ऐका. आग शमावी म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवितो, आणि त्याच क्षणी मादी लक्षावधी पिले पाण्यात सोडते. ज्या बारवा आपल्या पूर्वजांनी पुण्यकर्म म्हणून बांधल्या, त्यांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. घागर भरणारीचे पाऊल आणि पिणाऱ्याचे पाणी एकच. बांधणाऱ्याची श्रद्धा खोटी नव्हती, रोग्याची वेदनाही खोटी नव्हती. तरी गावच्या गाव लंगडे होई. सोवळे पाळणाऱ्या घरांतही नारू निघे, कारण सोवळे स्पर्शाचे होते, पाण्याचे नव्हते. आणि ज्यांना आपण त्या पायऱ्या उतरू दिल्या नाहीत, ते डबक्याचे पाणी पीत. तेथेही पिसू होताच.

जलपिसूचे हे कारस्थान रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियात ओळखले होते. आपल्याकडे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती १९८३-८४ साली. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान व तामिळनाडू या राज्यांत तेव्हा नारू होता. पायऱ्या बुजवून विहिरींना कठडे व रहाट बसविले, हातपंप खोदले, पाण्यात पिसूनाशक टाकले आणि घरोघर गाळणीचे फडके दिले. घागरीच्या तोंडावर फडके बांधण्याची चाल आपल्याकडे जुनीच. पण शेतात तहान लागली की माणूस ओंजळीनेच पिई. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. जगात १९८६ साली वर्षाकाठी सुमारे पस्तीस लक्ष माणसांना तो होत असे. २०२४ साली पंधरा रोगी नोंदले गेले. चाड देशात आता तो कुत्र्यांत आढळतो, म्हणून काम अजून संपलेले नाही.

हे सर्व आज सांगण्याचे कारण निराळे आहे. मठामागील बारवेच्या बुजविलेल्या पायऱ्या वर्धापनानिमित्त पुन्हा खुल्या कराव्यात, अशी सूचना काही भक्तांनी केली आहे. वास्तू सुंदर आहे, आणि त्यांची तळमळ मी जाणतो. नारू आपल्या देशातून गेला, हेही खरे. पण पटकी, विषमज्वर व कावीळ गेलेली नाहीत, आणि उत्सवास हजारो पावले येतात. म्हणून विश्वस्तांस माझी विनंती एवढीच: पायऱ्या खुल्या करावयाच्या असतील, तर त्या पाण्याचा एक थेंबही पिण्यास वा महाप्रसादास घेऊ नये, आणि नळाची वेगळी सोय आधी करावी. ती सोय होणार नसेल, तर पायऱ्या आहेत तशाच बंद राहू द्याव्यात.