जात्यावरचें नवल

दुःखानें मनुष्याची दृष्टि अधू होते, असा सर्वसाधारण समज आहे. बहिणाबाई चौधरी यांचें चरित्र पाहिलें म्हणजे त्यास धक्का बसतो. १८८० सालीं जळगांवनजीक असोदें येथें जन्म, बालवयांत विवाह, तिशीच्या सुमारास वैधव्य. पदरीं तीन मुलें, शेतीचे कष्ट आणि अक्षरओळख मुळींच नाहीं! परंतु जात्याचा खुंटा हातीं आला कीं याच बाईंच्या मुखांतून आपल्या खानदेशी बोलींत गाणीं बाहेर पडत. सुगरणीनें चोंचीनें विणलेला खोपा, मातींत निजलेल्या दाण्याला फुटणारा कोंब, यांचें त्यांना नवल वाटे. वैधव्याची व्यथाही त्यांनीं गायिली; ती दडवून ठेविली नाहीं.

हीं गाणीं वाऱ्यावर विरून जावयाचीं. पुत्र सोपानदेव व आप्त यांनीं कांहीं टिपून ठेविलीं, म्हणून वांचलीं. १९५१ सालीं बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ सालीं संग्रह छापला गेला. स्वतःचें पुस्तक त्यांनीं पाहिलें नाहीं.

नवलानें दुःख हटत नाहीं. जात्याचा भार तेवढाच राहतो. परंतु ओठीं गाणें असलें म्हणजे दळण सरतें.