रक्तांतला आंकडा आणि देहाचें वजन



सुमारें छत्तीस वर्षें माझीं मुलांना अपूर्णांक आणि प्रमाण शिकविण्यांत गेलीं. मी वैद्य नव्हे; शिक्षणही मॅट्रिकपर्यंतचेंच. तेव्हां रक्ततपासणीवर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असें आपणांस वाटणें साहजिक आहे. परंतु ज्या गोष्टीविषयीं आज बोलावयाचें, तिच्या मुळाशीं अपूर्णांकाचा छेदच बसलेला आहे. आणि जन्मभर छेद शिकविणाऱ्या मला तो येथें दिसला नाहीं, याची मला लाज वाटते.

माझे एक सहकारी चित्रकला शिकवीत. माणूस उंचीनें बेताचा, पण देहानें भव्य. काट्यावर शंभराच्या वर. साठी उलटल्यावर रात्रीं दोन-तीनदां उठावें लागूं लागलें म्हणून त्यांनीं रक्त तपासून घेतलें. कागदावर पी. एस. ए. या नांवापुढें ३.६ असा आंकडा होता आणि शेजारीं ४ ही मर्यादा छापलेली होती. पुढच्या वर्षीं ३.८. दोन्ही वेळां त्यांनीं आम्हांस पेढे दिले, व आम्हीही ते आनंदानें खाल्ले. तिसऱ्या वर्षीं तपासणी राहूनच गेली. चौथ्या वर्षीं कंबर धरली, आणि तपासाअंतीं कळलें, कीं प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोंचला आहे. तो रोग केवळ वजनानेंच झांकला, असें मी म्हणत नाहीं. एकाच माणसावरून तसें कोणालाच म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु त्या दोन्ही कागदांवर त्यांचें वजन कोठेंच लिहिलेलें नव्हतें, एवढें मात्र खरें.

प्रोस्टेट, म्हणजे आपल्या परिभाषेंतली पुरःस्थ ग्रंथी, पुरुषाच्या मूत्राशयाखालीं असते. तरुणपणीं ती अक्रोडाएवढी. तिच्यांत पी. एस. ए. नांवाचें एक प्रथिन तयार होतें, व त्याचा अल्पसा अंश रक्तांत झिरपतो. अमेरिकेंत ही चांचणी १९८६ सालीं रोग्यावर नजर ठेवण्यासाठीं व १९९४ सालीं रोग हुडकण्यास साहाय्यक म्हणून मान्य झाली. कागदावर जो आंकडा येतो तो नॅनोग्रॅमचा, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाचा. आणि तो एका मिलिलिटरमागें असतो. या ‘मागें’ शब्दांतच सारी मेख आहे.

पूर्वीं आमच्या घरीं धोतरें निळींत बुडवीत. निळीचे दहा थेंब तांब्यांत टाकले तर पाणी गडद निळें होई. तेच दहा थेंब हंड्यांत टाकले तर निळेपणा जेमतेम दिसे. नीळ तेवढीच, पाणी अधिक. स्थूल माणसाच्या देहांत रक्तरसाचें एकूण प्रमाण अधिक असतें. ग्रंथीनें प्रथिन तेवढेंच सोडलें, तरी तें अधिक द्रवांत पसरतें आणि आंकडा लहान होतो.

ही केवळ कल्पना नव्हे. टेक्ससमधील सॅन अँटोनिओ येथें २,७७९ कर्करोगमुक्त पुरुषांच्या पाहणींत (ती २००५ सालीं प्रसिद्ध झाली) सामान्य वजनाच्या गटांत सरासरी १.०१ होती, तर अतिस्थूल गटांत ती ०.६९ पर्यंत उतरली. पुढें २००७ सालीं शस्त्रक्रिया झालेल्या सुमारें चौदा हजार रोग्यांचा हिशेब मांडण्यांत आला. ज्यांचा देहभारांक ३५ वा अधिक, त्यांचा रक्तरस सामान्यांपेक्षां शेंकडा २१ ते २३ अधिक आणि आंकडा शेंकडा ११ ते २१ कमी असल्याचें आढळलें. देहभारांक म्हणजे किलोंतल्या वजनास मीटरांतल्या उंचीच्या वर्गानें भागून येणारी संख्या. सातवीच्या मुलास हें गणित घालावें इतकें तें सोपें आहे, परंतु स्वतःचा भागाकार करून पाहणारे गृहस्थ मला क्वचितच भेटले.

आतां समजा, एखाद्याचा आंकडा एरवीं साडेचार आला असता. रक्तरस शेंकडा २२ वाढला, तर ४.५ ला १.२२ नें भागावें. उत्तर जवळ जवळ ३.७. ग्रंथींत कांहीं बदललें नाहीं; तरी माणूस ‘चारच्या वर’ होता तो ‘चारच्या आंत’ आला!

याखेरीज स्थूलपणांत पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन हें संप्रेरकही कमी होतें, व हें प्रथिन त्याच्याच आज्ञेंत असल्यामुळें आणखी थोडें घटतें. शिवाय अशा माणसांची ग्रंथी बहुधा मोठी असते, म्हणून सुईनें तुकडा काढतांना लहानशी गांठ हुकूं शकते. स्थूल पुरुषांत हा रोग अधिक उग्र रूपांत सांपडतो व त्यानें मृत्यूही अधिक होतात, असें जें दिसतें, त्याचें एक कारण हा उशीर असावा, असें तज्ज्ञ मानतात.

म्हणून उद्यां सकाळीं प्रत्येकानें रक्त देण्यास धांवावें, असें मात्र नव्हे. हा आंकडा निरुपद्रवी वाढीनें वा साध्या सुजेनेंही चढतो. कित्येक कर्करोग इतके मंद असतात कीं ते न शोधलेलेच बरे. अमेरिकेच्या तज्ज्ञ-मंडळानें २०१८ सालीं ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनीं डॉक्टरांशीं बोलून स्वतः निर्णय घ्यावा असें सुचविलें, आणि सत्तरीनंतर सरसकट तपासणी नको म्हटलें. माझें म्हणणें एवढेंच, कीं तपासणी करावयाचीच तर डॉक्टरांसमोर कागद ठेवतांना आपलें वजन व उंचीही ठेवावी, मागील वर्षांचे आंकडे ठेवावेत. केस वा प्रोस्टेट यांसाठीं फिनास्टराइडची गोळी चालूं असल्यास तीही सांगावी, कारण तिनें आंकडा सुमारें निम्मा होतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगून रजा घेतों. माझी उंची १६५ सेंटिमीटर, वजन ९१ किलो. भागाकार ३३ च्या वर. गेल्या वर्षीं माझा आंकडा ३.१ आला व मीं कागद घडी करून खिशांत ठेवला. घरांतून ओरड झाली म्हणून डॉक्टरांकडे गेलों. तरुण गृहस्थ, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनीं कागद पाहण्याआधीं मला काट्यावर उभें केलें, बोटानें ग्रंथीही तपासली, आणि म्हणाले, “गुरुजी, या तीनला मी तीन समजणार नाहीं. सहा महिन्यांनीं पुन्हा या.” सहा महिन्यांनीं ३.२ आला. डॉक्टर म्हणतात, ठीक आहे, पाहत राहूं. येत्या दिवाळीनंतर पुन्हा रक्त द्यावयाचें आहे. वजन ८८ वर आलें आहे, आणि तेंही नांवापुढें लिहून घ्यावें असें तपासणीगृहांतल्या मुलीस मीं सांगून ठेवलें आहे.