मुलाखतीची तयारी घरापासून

(एका वाणिज्य महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘मुलाखत’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ भेट. आपण मात्र या भेटीला परीक्षेचे, आणि पुष्कळदा नाटकाचे रूप देऊन टाकले आहे. नमुन्याचा अर्ज उतरवून काढायचा, तयार उत्तरे पाठ करायची आणि ती न अडखळता म्हणून दाखवायची, हीच तयारी अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत किती महाग पडते, हे मी एका प्रसंगातून शिकलो. त्याची रुखरुख आजही मनातून गेलेली नाही.

काही वर्षांपूर्वी लेखा विभागातील दोन जागांसाठी नेमलेल्या निवड समितीवर मी होतो. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाहून बी.कॉम.च्या अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी आला होता. गुण चांगले होते. छंद म्हणून त्याने वाचन, संगीत व प्रवास लिहिले होते. पण अलीकडे वाचलेले एकही पुस्तक त्याला सांगता येईना. ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटल्यावर त्याने पाठ केलेला इंग्रजी परिच्छेद सुरू केला. मध्येच एक वाक्य निसटले आणि तो थांबला तो थांबलाच. आम्ही त्याची निवड केली नाही.

सायंकाळी बसस्थानकावर तोच मुलगा भेटला. चहा घेताना घरची चौकशी केली, तेव्हा वडिलांचे किराणा दुकान असल्याचे त्याने काहीशा संकोचाने सांगितले. अकरावीपासून उधारीची वही तोच सांभाळत होता. मग तो बोलू लागला आणि मी ऐकतच राहिलो. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. सोयाबीन विकल्यावाचून त्यांच्या हाती पैसा येत नाही. त्यामुळे वसुली महिन्याच्या नव्हे, हंगामाच्या हिशेबाने करावी लागते. घाऊक व्यापारी मात्र पंधरा दिवसांत पैसे मागतो. मधली ओढाताण भागवायची तर कोणता माल किती भरायचा, हे आधीच ठरवावे लागते. मित्रहो, पुस्तकात ज्याला खेळते भांडवल म्हणतात, ते हा मुलगा चार वर्षे प्रत्यक्ष हाताळत होता! ‘हे तू आत का सांगितले नाहीस?’ असे मी विचारले. तो म्हणाला, ‘सर, दुकानाचे काय सांगायचे?’

चूक एकट्या त्याची नव्हती. योग्य प्रश्न आम्हालाही सुचला नाही. परंतु समितीपाशी एका उमेदवारासाठी पंधरा-वीस मिनिटेच असतात. तेवढ्या वेळात आपली खरी ओळख पुढे ठेवण्याची जबाबदारी उमेदवाराचीच राहते.

म्हणून तयारीचा आरंभ स्वतःपासून करा. घरी, दुकानात, शेतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, स्नेहसंमेलनाच्या जमाखर्चात तुम्ही जे काम केले असेल ते आठवा. त्यातील चार प्रसंग कागदावर लिहा : परिस्थिती काय होती, जबाबदारी कोणती होती, तुम्ही नेमके काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत सांगता आला पाहिजे. मग अर्जाची एकेक ओळ तपासा. जिच्यावर पाच प्रश्न झेलता येणार नाहीत, ती ओळ खोडून टाका. विकत घेतलेला प्रकल्प तर पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

विषयाची मूलतत्त्वे पक्की हवीत. घसारा का आकारतात, हे दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत सांगता आले, तरच तो तुम्हाला समजला. ज्या कंपनीत जायचे तिचे संकेतस्थळ वाचा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल विनामूल्य पाहायला मिळतो. इंग्रजीची भीती रोज अर्धा तास मोठ्याने बोलल्याने ओसरते; आपलेच बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. आणि उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ असे सरळ सांगा. अज्ञान क्षम्य असते. थाप क्षम्य नसते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत व्यक्तिमत्त्व चाचणीला २७५ गुण असतात. तेथेही उमेदवाराचे गाव, शिक्षण आणि छंद यांवरून प्रश्न निघतात. ही चाचणी मराठीतून देण्याची मुभाही आहे. आपली भाषा आणि आपले गाव हे उणेपण नव्हे.

आता पालकांना एक विनंती. मुलाखत म्हटली की आपण ओळख शोधू लागतो. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. वशिला आणि दलाली यांना आळा घालणे, हा त्यामागील हेतू होता. अशा पदाची ‘मुलाखत पार करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागू लागला, तर तो फसवतो आहे हे ओळखा. ओळख शोधण्यात जाणारी संध्याकाळ मुलासमोर बसून प्रश्न विचारण्यात घालवा. आपल्या व्यवसायातील चढउतार त्याला मोकळेपणाने सांगा. वडिलांच्या श्रमाची लाज बाळगणारा मुलगा स्वतःच्या श्रमाविषयीही ताठ मानेने बोलू शकत नाही.

त्या मुलाला पुढे काय मिळाले, हे मला समजले नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या त्या खुर्चीत बसेल, तेव्हा त्याने आपल्या दुकानाविषयी, शेताविषयी, आईच्या शिवणयंत्राविषयी मोकळेपणाने बोलावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.