एका शिक्क्याची व्याप्ति

संगणकाच्या ज्या भाषा आहेत, त्यांपैकीं ‘डी’ ही अमेरिकन अभियंते वॉल्टर ब्राइट यांनीं २००१ सालीं पुढें आणली. तींतील फंक्शनावर, म्हणजे ठराविक काम करणाऱ्या आज्ञासमूहावर, ‘सेफ’ असा शिक्का मारतां येतो. मग कंपायलर त्याच्या मजकुराची झडती घेतो आणि स्मृतीची नासाडी करूं शकणारी आज्ञा नाकारतो. शेंकडों फंक्शनांवर निरनिराळा शिक्का मारण्याचा कंटाळा कोणासहि येईल. म्हणून मॉड्यूलच्या, म्हणजे अवघ्या प्रकरणाच्या, माथ्यावर अपूर्णविराम देऊन तो एकदांच लिहिला, कीं खालच्या सर्वांस लागूं पडतो.

मेख येथेंच आहे. ‘सी’ भाषेंतील परकीं फंक्शनें येथें नुसतीं नांवानिशीं नोंदलेलीं असतात. त्यांचा मजकूर कंपायलरपुढें नसतोच. तरीहि शिक्का त्यांना लागतो, आणि न तपासलेला माल तपासलेला म्हणून खपतो. २०२० सालीं ब्राइट यांनीं हा शिक्का सर्वत्र गृहीतच धरावा अशी सूचना मांडली. ती मान्यहि झाली. परंतु याच परक्या नोंदींवरून एवढें काहूर उठलें, कीं त्यांनीं ती मागें घेतली.

अशा नोंदींवर ‘सिस्टम’ हा उलट शिक्का एकेकीवर हातानें मारावा. किंवा त्या माथ्यावरील ओळीच्याहि वर ठेवाव्या, कारण शिक्क्याचा अंमल चालतो तो खालींच.